कालबाह्य कोण? – ‘ऑब्सोलीट’ या अल्बमचा एक अभ्यास



दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट आहे. अकरावीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील कार्यालयात आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, “सर, हा पोरगा अभ्यास करताना कानात काय घालून बसतो ते एकदा तुम्हीच ऐका. संगीत म्हणे! लोहाराचं दुकान आहे नुसतं.” त्यांनी मुलाचा फोन माझ्या टेबलावर ठेवला. मी दोन मिनिटे ऐकले आणि मनातल्या मनात संपूर्णपणे वडिलांच्या बाजूचा झालो. मुलाला बोलावून घेतले. विचारले, “बेटा, यात ऐकण्यासारखे काय आहे?” तो म्हणाला, “सर, यात एक गोष्ट आहे. माणसांची आणि यंत्रांची. सगळी गाणी क्रमाने ऐकावी लागतात.” मी म्हटले, ठीक आहे, आठ दिवसांत लिहून आण. चांगले असेल तर शनिवारच्या सभेत वाचू.

खरे सांगायचे तर तो काही आणणार नाही अशी माझी खात्री होती. त्याने नऊ पाने आणली. मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या, पण मजकूर त्याचा स्वतःचा होता, आणि तो वाचल्यावर मलाच अभ्यासाला बसावे लागले. प्रस्तुत पाठ हा त्या अभ्यासाचा परिणाम आहे.

अल्बमचे नाव ‘ऑब्सोलीट’. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या ‘फिअर फॅक्टरी’ नावाच्या वाद्यवृंदाने तो १९९८ साली काढला. सभेच्या दिवशी मी फळ्यावर या शब्दाचा अर्थ लिहिला, ‘अप्रचलित’. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे कोशातला जो शब्द आधी हाताशी येतो तो हिंदीचा असतो. मागून मराठीच्या बाईंनी हळूच सांगितले, “सर, आपल्याकडे कालबाह्य म्हणतात.” मी पुसून दुरुस्त केले. पुढे लक्षात आले की ही दुरुस्ती फार उपयोगी पडली. अप्रचलित म्हणजे जे चालत नाही ते. कालबाह्य म्हणजे ज्याला काळाने बाहेर काढले ते. या अल्बममध्ये कालबाह्य ठरलेली वस्तू कोणती, तर माणूस. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटच्या गाण्यापाशी आपण त्याच्याकडे परत येऊ.

त्याआधी त्या पालकांच्या ‘लोहाराच्या दुकाना’बद्दल. ते रागाने बोलले, पण अगदी अनवधानाने खरे बोलून गेले. ज्या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात त्याचा उगम खरोखरच लोखंडाच्या कारखान्याजवळ झालेला आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता आणि फावल्या वेळात गिटार वाजवीत होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबण्याचा हात उजवा. ज्या बोटांनी सूर धरायचे तीच गेली.

कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत भाजल्यामुळे हा थोर गिटारवादक डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सूर काढीत असे. आयोमीने ते ऐकले आणि घरी जाऊन प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून स्वतःच्या बोटांसाठी टोपणे तयार केली. त्यावर चामडे चिकटवले. कडक तारा दाबता येईनात म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे त्या सैल करून गिटार खालच्या पट्टीत लावली. त्या सैल, खोल, जड आवाजातूनच ‘ब्लॅक सॅबथ’चा नाद जन्मला. त्यांचा पहिला अल्बम १९७० सालचा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘आयर्न मॅन’ नावाचे गाणे आहे. त्यात भविष्यातला विनाश पाहून परतणारा एक माणूस वाटेत पोलादाचा होऊन जातो, लोक त्याच्याकडे पाहत नाहीत, आणि तो सूड घेतो. म्हणजे माणूस आणि यंत्र यांची झटापट या संगीताला कोणी नंतर आणून चिकटवलेली नाही. यंत्राने बोटे कापली, त्या बोटांनी हे संगीत निर्माण केले.

माझ्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांना हे माहीत नाही. मलाही नव्हते. आपण ‘पाश्चात्य गोंगाट’ म्हणून एका वाक्यात विषय संपवतो.

विषय जुना आहे, तोही थोडा पाहून घेऊ. इ.स. १८११-१२ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम भागात मोजे विणणाऱ्या कारागिरांनी रात्री कारखान्यांत शिरून विणकामाचे माग फोडले. त्यांना ‘लडाइट’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्यांना यंत्राचे अडाणी शत्रू म्हणून एक ओळ मिळते. ते बरोबर नाही. ते स्वतः मागावर काम करणारे लोक होते, त्यांचा राग मजुरी पाडणाऱ्या आणि निकृष्ट माल काढणाऱ्या मालकांवर होता. १८१२ साली माग फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवणारा कायदा आला, तेव्हा कवी बायरन यांनी उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९२० साली, चेकोस्लोव्हाकियातील कारेल चापेक यांनी ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले. ‘रोबोट’ हा शब्द त्या नाटकाने जगाला दिला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणे. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. तेव्हा रोबोट म्हणजे अक्षरशः वेठबिगार. त्या नाटकात हे वेठबिगार उठाव करतात.

१९८४ साली ‘टर्मिनेटर’ हा चित्रपट आला. तो आपल्यापैकी अनेक पालकांनी पाहिला असेल, निदान टीव्हीवर. फिअर फॅक्टरीच्या मंडळींवर त्याचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘सोल ऑफ अ न्यू मशीन’, साल १९९२. दुसरा ‘डीमॅन्युफॅक्चर’, १९९५. तिसरा आपला ‘ऑब्सोलीट’.

आता मूळ पाठाकडे येऊ.

या अल्बमला एक कथा आहे. गायक बर्टन बेल यांनी ती लिहिली, तिचे नाव ‘कन्सेप्शन फाइव्ह’. कथा पटकथेच्या स्वरूपात आहे आणि अल्बमबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत गाण्यांच्या मधेमधे छापलेली आहे. आपल्या संगीत नाटकात जसे गद्य संवाद, मग पद, पुन्हा संवाद असे चालते, साधारण तशीच मांडणी. नाटकात दोन्ही रंगमंचावर असतात, येथे पदे कानाने ऐकायची आणि संवाद डोळ्यांनी वाचायचे. म्हणूनच तो विद्यार्थी म्हणत होता की क्रम मोडून चालत नाही.

कथेचा काळ भविष्यातला. माणसाने आपले जगणे सोपे व्हावे म्हणून यंत्रे केली, आणि होता होता पृथ्वीवरचा पहिला नागरिक माणूस राहिला नाही. जुन्या, वापरात नसलेल्या वस्तूसारखा तो बाजूला पडला. सगळीकडे ‘सिक्युरिट्रॉन’ नावाची पहारा ठेवणारी यंत्रणा आहे. पाठलाग करणारे, चिरडणारे ‘स्मॅशर-डिवावरर’ आहे. आणि या सर्वांना न जुमानणारा एक बंडखोर आहे, त्याचे नाव ‘एजक्रशर’. गाणी दहा. पहिले ‘शॉक’, मग ‘एजक्रशर’, मग पाठलाग, पहारा, उतरती कळा. ‘हाय-टेक हेट’ आणि ‘फ्रीडम ऑर फायर’मध्ये संताप टोकाला जातो. आठवे ‘ऑब्सोलीट’, नववे ‘रिसरेक्शन’ म्हणजे पुनरुत्थान, आणि दहावे ‘टाइमलेसनेस’.

आठव्या गाण्यात बोललेला मजकूर आहे, तो इंग्लंडचे गायक गॅरी न्यूमन यांच्या आवाजात. ही निवड मला फार मार्मिक वाटली. न्यूमन यांनी १९७९ सालीच यंत्रमानवांच्या जगावर ‘रेप्लिकाज’ नावाचा अल्बम केला होता आणि त्याच वर्षी त्यांचे ‘कार्स’ हे गाणे गाजले होते. फिअर फॅक्टरीने ते ‘कार्स’ न्यूमन यांना बरोबर घेऊन पुन्हा गायले आणि अल्बमच्या एका आवृत्तीला जोडले. वीस वर्षांपूर्वीच्या, बाजारात मागे पडलेल्या कलावंताला कालबाह्यतेवरच्या अल्बममध्ये मानाने बोलावले, आणि ते गाणे पुन्हा रेडिओवर वाजले. अल्बमला अमेरिकेत ‘गोल्ड’ म्हणजे पाच लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात या गाण्याचा मोठा हात होता.

कथा एवढीच. आता ऐकायचे काय?

पहिली गोष्ट, गायकाचे दोन आवाज. बेल एकाच गाण्यात घोगऱ्या, ओरडत्या आवाजात गातात आणि मधेच लांब, स्वच्छ, जवळजवळ चर्चमधल्या प्रार्थनेसारखा सूर लावतात. पहिल्या ऐकण्यात मला वाटले दोन गायक आहेत. विद्यार्थ्याने आपल्या नऊ पानांत लिहिले होते की ओरडणारा आवाज चिरडला जाणाऱ्या माणसाचा आणि स्वच्छ आवाज त्याच्या आतल्या माणसाचा. हा अर्थ त्याने लावलेला आहे, मला तो पटला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि ती समजायला थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल. या संगीतातल्या ढोलसंचात पायाने वाजवायचा एक मोठा ढोल असतो. त्याला दोन पायटे लावली की दोन्ही पायांनी आळीपाळीने, अतिशय वेगात ठोके देता येतात. ‘ऑब्सोलीट’मध्ये रेमंड हेरेरा हे पायांनी जो आकृतिबंध वाजवतात, तोच, ठोक्याला ठोका जुळवून, डीनो कझारेस गिटारवर उजव्या हाताने वाजवतात. गिटारला सहाऐवजी सात तारा आहेत, आवाज आणखी खाली नेण्यासाठी. तारांवर तळहाताची कड ठेवून नाद लगेच तोडायचा, म्हणजे सूर लांबत नाही, नुसता ठोका उरतो. शिवाय ढोलाच्या चामड्यावर ‘ट्रिगर’ नावाचे एक छोटे उपकरण बसवतात. पायाचा ठोका पडला की ते विजेचा संकेत पाठवते आणि आधी साठवलेला आवाज वाजतो. त्यामुळे पाय दमला, ठोका हलका पडला, तरी ऐकणाऱ्याला प्रत्येक ठोका सारखाच जोरकस ऐकू येतो. यावर कॅनडाच्या ऱ्हिस फुल्बर यांनी संगणकीय वाद्यांचे थर चढवले. परिणाम असा की चार माणसे वाजवीत आहेत हे कानाला कळतच नाही. एक मोठे यंत्र सुरू आहे असे वाटते.

म्हणजे पाहा, यंत्राविरुद्धची तक्रार सांगण्यासाठी या माणसांनी स्वतःला यंत्र करून घेतले. हेरेरांच्या पायांनी किती वर्षे रियाज केला असेल! ज्यांच्या नावाने पखावजाचे घराणे चालते ते नानासाहेब पानसे आपल्या इंदूरचेच, होळकर दरबाराचे. त्यांच्या परंपरेत लय हलते, श्वास घेते. येथे उलटा रियाज आहे, लय तसूभरही हलू नये यासाठीचा. मला स्वतःला हा आदर्श आवडत नाही. पण त्यामागची मेहनत मात्र अस्सल माणसाची आहे, हे मान्य केले पाहिजे.

आणि मग येते दहावे गाणे. ते संथ आहे. तंतुवाद्ये आहेत, स्वच्छ आवाज आहे, तो सगळा ठोकाठोकीचा कारखाना बंद पडलेला आहे. ‘टाइमलेसनेस’ला मराठीत काय म्हणाल? मी वर्गाला विचारले. नववीतल्या एका मुलीने उत्तर दिले, “कालातीत.” फळ्यावर अजून ‘कालबाह्य’ पुसलेले नव्हते. दोन शब्द शेजारी आले. काळाने बाहेर टाकलेले आणि काळाच्या पलीकडचे. इंग्रजी नावांत ही जोडी दिसत नाही, ती आपल्या भाषेने दाखवली. सभेत दोन मिनिटे कोणी बोलले नाही, आणि शनिवारच्या चौथ्या तासाला हे किती दुर्मिळ आहे ते शिक्षकांना ठाऊक आहे.

पाठ येथे संपला असता. परंतु या वाद्यवृंदाच्या पुढच्या पंचवीस वर्षांत जे घडले ते मला अल्बमपेक्षाही बोधप्रद वाटते.

२००१ साली त्यांनी ‘डिजिमॉर्टल’ काढला. त्यात माणूस आणि यंत्र एकमेकांत मिसळून गेले आहेत. २००२ मध्ये वाद्यवृंद मोडला, पुन्हा जमला, माणसे बदलली, मतभेद झाले, ते तपशील सोडून देऊ. २०१० सालच्या ‘मेकॅनाइझ’ अल्बममध्ये हेरेरा नव्हते, ढोलावर जीन होग्लन होते. यांचे टोपणनाव काय, तर ‘अणुघड्याळ’. माणसाला मिळालेली पदवी घड्याळाची! त्यानंतर २०१२ साली ‘द इंडस्ट्रिअलिस्ट’ आला. याही अल्बमला कथा आहे, पण आता ती यंत्राच्या बाजूने सांगितलेली. पाहून-पाहून, स्मृती साठवून एक स्वयंचलित यंत्र जागे होते, त्याला जाणीव येते, त्याला नष्ट व्हायचे नसते. आणि या अल्बममध्ये ढोलावर कोण बसले होते? कोणीच नाही. सगळे ठोके यंत्रातून काढले होते. जॉन सँकी आणि फुल्बर यांनी ते संगणकावर रचले.

१९९८ मध्ये ज्यांनी गायले की यंत्र माणसाला कालबाह्य करील, त्यांनीच चौदा वर्षांनी ढोलवादकाची जागा यंत्राला दिली. कोणी आक्रमण केले नाही, सिक्युरिट्रॉन आले नाही. अल्बमच्या कथेत जे युद्ध आहे, ते प्रत्यक्षात असे झालेच नाही. एका वर्षी एक निर्णय झाला, एवढेच.

श्रोत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. पुढच्या, २०१५ सालच्या ‘जेनेक्सस’मध्ये माइक हेलर हे वादक ढोलावर आले. त्यानंतरचा अल्बमही आधी यंत्राच्या ठोक्यांवरच मुद्रित करून ठेवलेला होता. तो अडकून पडला. २०२० साली कझारेस यांनी लोकांकडे वर्गणी मागितली, आणि त्या पैशातून हेलर यांच्याकडून खरा ढोल वाजवून घेतला. तो अल्बम, ‘अ‍ॅग्रेशन कंटिन्युअम’, २०२१ मध्ये निघाला. इतक्यावर थांबले नाही. २०२३ साली त्यांनी २०१२ च्या त्या ‘इंडस्ट्रिअलिस्ट’चीच नवी आवृत्ती काढली. बाकी जुने ठेवून यंत्राच्या जागी हेलर यांचा ढोल. अकरा वर्षांनी माणसाला त्याच्या जागेवर परत बसवले.

हे वाचून मला झोप लागली नाही, त्याचे कारण सांगतो.

आपल्या विद्यालयातील तबल्याचे गुरुजी गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. अनेक वर्षे ते रोज सकाळी प्रार्थनेला तबला वाजवीत असत. त्यांच्या जागी नवीन नियुक्ती झाली नाही. एक इलेक्ट्रॉनिक तबला विकत घेतला गेला. बटण दाबले की केरवा सुरू, बटण दाबले की बंद. सुट्टी मागत नाही, पगार मागत नाही. त्या खरेदीच्या कागदावर सही माझीच आहे. विश्वस्त मंडळींना दोष देण्याचा प्रश्न येत नाही, प्रस्ताव मीच मांडला होता आणि बचतीचा आकडाही मीच दाखवला होता.

गेल्या महिन्यात मी गुरुजींच्या घरी गेलो. ‘इंडस्ट्रिअलिस्ट’ची दोन्ही रूपे बरोबर नेली. कोणते कोणते ते न सांगता ऐकवली. माझी अपेक्षा होती की जन्मभर तालात वावरलेला माणूस क्षणात ओळखील आणि मला या लेखासाठी एक छान प्रसंग मिळेल. गुरुजींनी गुडघ्यावर बोटांनी मात्रा धरल्या, पहिले गाणे दोन्हीकडून ऐकले आणि यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, “हा माणूस.” चुकले! दुसऱ्या गाण्याला बरोबर ओळखले, तिसऱ्याला म्हणाले, “सांगता येत नाही हो. इतका वेग, वर प्रत्येक ठोका सारखा केलेला. कशावरून ओळखणार?”

मी थोडा हिरमुसलो. फरक कानाला कळत नसेल तर मग त्या श्रोत्यांनी वर्गणी कशाची दिली? आणि आमच्या बटणाच्या तबल्याने काय बिघडले? हा प्रश्न मी गुरुजींनाच विचारला. त्यांनी उलट विचारले, “प्रार्थना कशी चाललीय?”

मी सांगितले, ठीक चालली आहे. मग आठवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम उभा राहून पाहिले. पहिलीची मुले दुसऱ्या कडव्यापर्यंत मागे पडतात. थंडीच्या दिवसांत तर पहिल्याच कडव्यात. आधी गुरुजी त्यांच्याकडे पाहून लय किंचित ओढून धरीत, लहान मुले येऊन मिळाली की पुन्हा सोडीत. आम्हाला कधी कळलेही नाही की ते असे काही करतात. डबा थांबत नाही. त्याला गती कमी करण्याची कळ आहे, पण ती फिरवायला कोणाला तरी पहिलीच्या रांगेकडे पाहावे लागते. आता काय होते, तर लहान मुले ओळी सोडून देतात आणि शेवटच्या शब्दाला एकदम सामील होतात. जूनपासून हे चालले आहे. मी रोज तेथेच उभा असतो.

तेव्हा माझी समजूत अशी झाली आहे. वाजवण्यात यंत्र माणसाच्या बरोबरीला येते, वेगात आणि अचूकपणात पुढेही जाते, हे या अल्बमवाल्यांच्या उदाहरणाने सिद्ध झाले आहे आणि त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. गुरुजींचे खरे काम ऐकण्याचे होते. ते आम्ही कधी मोजले नव्हते, म्हणून बचतीच्या आकड्यात ते आले नाही.

आता अल्बमबद्दल माझ्या दोन तक्रारी. एक म्हणजे त्यातले यंत्र फार सरळ खलनायक आहे. ते धावून येते, चिरडते. यंत्र कोणाचे, चालवतो कोण, त्याचा फायदा कोणाला, हे प्रश्न लडाइटांनी विचारले होते, ‘ऑब्सोलीट’ ते जवळजवळ विचारत नाही. दुसरी, त्या जगात स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे कुठे आहेत? बंडखोर एकटाच धावतो. घर नाही, शेजार नाही. तरीही सिक्युरिट्रॉनच्या बाबतीत मला सांभाळून बोलले पाहिजे. सभेत एका मुलाने विचारले, “सर, आपल्या शाळेत सोळा कॅमेरे आहेत, ते काय आहे?” मी म्हटले, ते तुमच्या सुरक्षिततेसाठी आहेत. मुले हसली. उत्तर बरोबर होते, पण हसणेही अगदी चूक नव्हते.

पालकांना एक विनंती. मुलगा काय ऐकतो यावर बंदी घालण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून संपूर्ण ऐका, आणि त्याला गोष्ट सांगायला लावा. आवाजाची पातळी मात्र जरूर तपासा. हेडफोन लावून तासन्‌तास मोठ्या आवाजात ऐकले तर कानाची जी हानी होते ती भरून येत नाही. हा नियम भजनालाही लागू आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील अभ्यास करावा. ‘शॉक’ आणि ‘टाइमलेसनेस’ ही दोनच गाणी लागोपाठ ऐकून, कोणकोणती वाद्ये गेली आणि कोणती आली त्याची नोंद करावी. घरातील आजी-आजोबांना विचारून त्यांच्या पाहण्यात बंद झालेला एखादा व्यवसाय घ्यावा (कल्हईवाला, टंकलेखक, सिनेमाची पोस्टर रंगवणारा, कोणताही) आणि त्या माणसाचे असे एक काम शोधावे ज्याचे पैसे त्याला कधी मिळत नव्हते. एक पान पुरे. संगणकाकडून लिहून घेतलेले पान ओळखू येईलच असा माझा दावा नाही, गुरुजींचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. पण आजोबांना मी फोन करणार आहे.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत तबला शिक्षकाच्या रिक्त पदाचा विषय मी ठेवला आहे. पूर्णवेळ शक्य नसेल तर सकाळचे दोन तास तरी. सोबत जूनमधला माझाच प्रस्ताव जोडला आहे, म्हणजे तुलना करता येईल.

पुढील शनिवारी चौथ्या तासाला संगीतकक्षात ‘ऑब्सोलीट’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवला जाईल. कथा अकरावीचा तो विद्यार्थी सांगेल. त्याच्या वडिलांनी येण्याचे कबूल केले आहे. गुरुजीही येणार आहेत, त्यांना ते दहावे गाणे पुन्हा ऐकायचे आहे. शेजारी मंदिर असल्यामुळे आवाज निम्मा ठेवला जाईल, तरी ज्यांना पुढे बसायचे आहे त्यांनी वेळेवर यावे.

– प्राचार्य